पूर्वेची भिंत पुरली नाही

हर्शकाका,

काल तुमची शोकसभा झाली. तुम्ही नव्हतात म्हणूनच ती एवढी लांबली. असतात तर दुसऱ्या भाषणालाच काठी आपटून "जेवण निवतंय" म्हणाला असतात आणि सगळे गुमान उठले असते.

सभा भरवली होती तुमच्या गावच्या मंडळींनी. गावच्या म्हणजे, पोलंडमधल्या त्या गावातून कधीकाळी अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबांच्या नातवंडांनी. त्यांतल्या एकानेही ते गाव पाहिलेलं नाही, पण नुसतं नाव निघालं की त्यांचे डोळे कसे पटकन भरून येतात! तुम्ही तिथे जन्मलात, कळता होईपर्यंत तिथे वाढलात, आणि मी तुम्हाला त्या गावासाठी रडताना एकदाही पाहिलं नाही. तुम्ही त्याला शिव्या घालायचात.

काल पडद्यावर जुने फोटो दाखवले. बर्फ, कंदील, दाढीवाले म्हातारे, मागे व्हायोलिन. निवेदन करायला एक गृहस्थ प्लेनोहून खास ड्राइव्ह करून आले होते. ते म्हणाले, "हॅरॉल्डच्या गावात लहान-मोठा असा भेदच नव्हता. सगळं गाव म्हणजे एक कुटुंब. गरिबी होती, पण प्रत्येकाच्या ओठांवर हसू होतं." हॅरॉल्ड म्हणजे तुम्ही. तुम्हाला हर्श म्हणणारे आता आम्ही शेजारीच काय ते उरलो होतो. आणि हसण्याचं म्हणाल, तर तुम्हीच मला सांगितलं होतंत की तुमच्या गावात कोणी तोंड उघडून हसत नसे, कारण कोणाचे दात धड नव्हते. तुम्ही पुढे दातांचे डॉक्टर झालात तेही त्याच धसक्याने.

मी हातातली कागदी प्लेट खाली ठेवली. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने, मैत्रीने, माझं मनगट धरलं.

"आई, डोंट. यू आर मेकिंग द फेस."

"कुठला फेस?"

"हर्श आजोबांचा फेस."

तो तुमचा चेहरा. खालचा ओठ पुढे, एक भुवई वर, कुणीतरी किडलेली दाढ दाखवावी आणि ती काढायलाही वेळ नसावा तसा. तो मला जमतो हे काल कळलं. बाकीच्यांना तुम्ही काय काय ठेवून गेलात ते त्यांनी माइकवर सांगितलंच. माझ्या वाट्याला हा चेहरा आलाय आणि मी तो वापरणार आहे.

शुगर लँडला आम्ही तुमच्या शेजारी राहायला आलो त्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा घरी आलात. हॉलमधल्या निळ्या सुटातल्या फोटोकडे बघून विचारलंत, "वडील का?" मी म्हटलं, "आम्हा सगळ्यांचेच." तुम्ही जवळ जाऊन उभे राहिलात आणि "सूट चांगला शिवलाय" एवढंच म्हणालात. इकडची आमची मराठी माणसं घरी आली की तो फोटो पाहून त्यांचा आवाज बदलतो. फार गोड होतो. "अय्या, नागपूरचे का तुम्ही? आडनाव काय म्हणालात?" आणि लगेच, "आम्ही नाही हं मानत असलं काही, आमच्याकडे सगळेच येतात." जसं काही मी त्यांच्या दारात अर्ज घेऊन उभी होते! तुमचा आवाज आधी होता तसाच खरखरीत राहिला, म्हणून मी तुम्हाला चहा विचारला.

चहा तुम्हाला काचेच्या ग्लासात लागायचा, आणि साखरेचा खडा दातात धरून तुम्ही तो प्यायचात. दातांचे डॉक्टर! मी टोकलं की म्हणायचात, "माझे दात कधीच गेले, हे विकतचे आहेत." त्या ग्लासावरच तुम्ही वडिलांचं सांगितलंत. तुमचे वडील, लाइब, गावात पाणी भरायचे. खांद्यावर कावड, दोन्हीकडे बादल्या, नदीवरून घरोघर. पाणी भरणारा म्हणजे तुमच्या लोकांत सगळ्यांत खालचा. त्याला कोणी जेवायला बोलवत नसे, कोणी मुलगी देत नसे. तुमची आई अनाथ होती म्हणून तेवढी मिळाली.

मी म्हटलं, "तुमच्याकडे पाणी भरणारा खालचा. आमच्याकडे खालच्याने हात लावला की पाणीच बाटायचं. माझ्या पणजोबांना विहिरीपासून लांब उभं राहावं लागे, कोणीतरी वरून ओतेल म्हणून वाट बघत."

तुम्ही खडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलात. "म्हणजे माझ्या बापाला तुमच्या गावात कामही मिळालं नसतं."

आपण दोघं इतके हसलो की मैत्री जिन्यावरून धावत खाली आली. "व्हॉट हॅपन्ड, यार?" तिला काय सांगणार होतो?

पूर्वेची भिंत मला तुम्हीच समजावून सांगितलीत. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून करायची, म्हणून सिनेगॉगमध्ये पूर्वेच्या भिंतीलगतच्या जागा मानाच्या. त्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या, वखारवाल्याच्या, डॉक्टरच्या; बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या. त्यांच्यामागे दुकानदार. शिंपी आणि चांभार या वागणुकीने इतके दुखावलेले की त्यांनी आपापली प्रार्थनाघरं वेगळी काढली होती, आणि तेही एकमेकांशी बोलत नसत. अगदी शेवटी, ऊब देणाऱ्या भट्टीच्या मागे, दारात, तुमचे वडील. त्यांना बाक नव्हतं. ते उभे. आणि पुढची मंडळी प्रार्थनेआधी ज्या पाण्याने हात धुवायची ते सकाळी त्यांनीच आणून ओतलेलं असायचं. हे सांगताना तुम्ही हसायचात, पण खडा कडकन फोडायचात.

वर्षातून एक सण असा यायचा की त्या दिवशी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या घेऊन सगळे पुरुष नाचायचे, आणि त्या दिवशी लाइबलाही एक गुंडाळी मिळायची. सगळ्यांत लहान. रोजच्या कावडीच्याच खांद्यावर ती टेकवून ते नाचायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. "त्या एका दिवसावरून हे लोक म्हणतात, भेद नव्हता," तुम्ही म्हणायचात.

एकदा आम्ही तुम्हाला मराठी मंडळाच्या दिवाळीला नेलं होतं, आठवतं? पुढे सोफे, त्यांवर 'राखीव' असे कागद चिकटवलेले. मागे घडीच्या खुर्च्या, तिथे आपण. तुम्ही विचारलंत, "ते पुढचे कोण?"

"ज्यांना सगळे ओळखतात ते."

"आणि आपण?"

"आपण जेवणाच्या रांगेत आधी पोचणारे."

स्टेजवर एक बाई डोळे मिटून गात होत्या. तुम्ही काठी सोफ्यांकडे रोखलीत आणि मोठ्याने म्हणालात, "पूर्वेची भिंत!" सगळं सभागृह वळून बघायला लागलं. सोफ्यावरून एक काकू उठून आल्या आणि माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "अंकलना ऐकायला कमी येतं का गं?" मी म्हटलं, "चांगलं ऐकू येतं की. दिसतंसुद्धा." त्या दिवसापासून मंडळाचे ईमेल यायचे बंद झाले. तेवढंच इनबॉक्स हलकं झालं.

आता ज्यावरून आपलं भांडण अर्धं राहिलं त्याकडे येते.

गेल्या वर्षी शेरिलने टूम काढली. शेरिल म्हणजे तुमच्या या गावकरी मंडळाची अध्यक्षा, वखारवाल्याची नात. गावचं सिनेगॉग युद्धात जाळलं गेलं. त्याची प्रतिकृती करून इथल्या हॉलमध्ये ठेवायची, आत छोटी छोटी बाकं, प्रत्येक बाकावर तिथे बसणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी. ते आतून पाहिलेला माणूस तुम्ही एकटेच उरला होतात. आणि मी तेल कंपनीत पाइपांचे आराखडे काढते, घरी मैत्रीच्या शाळेसाठी घेतलेला थ्रीडी प्रिंटर आहे, म्हणून करणारी मी.

केवढी भांडणं झाली आपली त्या मापांवरून! तुमच्या आठवणीत भट्टी आमच्या गॅरेजएवढी होती. मी ती निम्मी केली, तर तुम्ही रुसून चहा न घेता गेलात. मग एक दिवस तुम्ही म्हणालात ते मी विसरणार नाही: "मी वडिलांच्या कोटाआड दारात उभा असायचो. त्या जागेत मी फक्त पाठी पाहिल्यात." धान्याचा व्यापारी म्हणजे मानेवरचं गळू. डॉक्टर म्हणजे कोटाची चकाकणारी शिवण. शेरिल डोळे मिटून तुम्हाला विचारायची, "माझे आजोबा कसे होते, हॅरॉल्ड?" आणि तुम्ही अगदी प्रामाणिकपणे सांगायचात, "मान जाड होती."

मग तिने सगळ्यांकडून नावं मागवली. आली की धडाधड. आणि काय चमत्कार, प्रत्येकाचा आजोबा पूर्वेच्या भिंतीला बसणारा! एकाचाही दाराशी नाही. एकही चांभार नाही. शिंपी एकच निघाला, तोही "वस्त्रोद्योगात" होता म्हणे. मला त्याचं नवल वाटलं नाही. शुगर लँडपासून पार पूर्व किनाऱ्यावरच्या आयसेलिनपर्यंत मला भेटलेल्या प्रत्येक मराठी माणसाचा पणजोबा एक तर वतनदार होता नाही तर विद्वान. भांडी घासणारं, झाडणारं, मेलेलं ढोर ओढणारं कुणाच्या घरात कधी जन्मालाच आलं नाही. ती कामं बहुधा आपोआप होत असावीत.

तर भिंत पुरेना. शेरिलचा फोन आला, "प्रज्ञा, भिंत थोडी वाढवता येईल का? दोन्हीकडून जराशी?" मी तुम्हाला विचारायला आले. तुम्ही हिरवळीला पाणी घालत होतात. म्हणालात, "वाढव. पूर्वेला शेजारचं अख्खं लुइझियाना राज्य मोकळं आहे."

वाढवली. आता त्या सिनेगॉगची पूर्व रुंद आणि पश्चिम अरुंद आहे. अशी इमारत एक हिवाळा उभी राहिली नसती. इंजिनियर म्हणून मला तिच्याकडे बघवत नाही. काल मात्र एकेक जण येऊन म्हणत होता, किती हुबेहूब!

पण तेवढ्यावर थांबतील तर ते कसले? त्यांनी मन मोठं केलं. लाइबच्या नावाची पट्टी त्यांनी पूर्वेच्या भिंतीला, बरोब्बर मधोमध लावायची ठरवली. शेरिल म्हणाली, "हॅरॉल्डच्या वडिलांना आपण दाराशी कसं ठेवायचं? आता तर सगळे सारखेच." तिला वाटलं तुम्ही विरघळाल. तुम्ही काठी आपटलीत. "जिवंतपणी तुमच्या आजोबांनी त्याला बसू दिलं नाही. आता त्याला शेजारी बसवून घेऊन तुम्ही आजोबांना धुऊन काढताय. पाणी पुन्हा माझ्याच बापाचं!" मी त्या दिवशी तुमच्यावर इतकी खूश होते की परतताना गाडीत गाणं म्हटलं. मी सांगितलं, पट्टी माझ्याकडे आहे, मी ती दाराशी लावते, खाली लिहिते 'पाणी भरणारा'. तुम्ही म्हणालात, "लिही."

आणि मग तुम्ही अंथरुणाला खिळलात, आणि शब्द फिरवलात.

दुपारची वेळ होती. बाहेर तो नेहमीचा ओला उष्मा, आत तुम्ही दोन पांघरुणांत. म्हणालात, "राहू दे त्याला पूर्वेला. थोडा वेळ बसेल. त्याचे पाय फार दुखायचे."

मी काय ताडताड बोलले! म्हटलं, आयुष्यभर या लोकांच्या तोंडावर खरं बोललात आणि आता शेवटी तुम्हीही विरघळलात. माणूस मेला म्हणून संत होत नाही. मारला गेला म्हणूनही होत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तुला भांडायला जिवंत माणसं आहेत. त्या सोफ्यावरच्या बाईशी तू उद्या भांडू शकतेस. माझी सगळी एकदम गेली. मी कुणाला जाब विचारू?"

"त्यांच्या नातवंडांना."

"त्यांनी काय केलंय? सूप आणतात."

आणत होती, खरं आहे. शेरिल दर शुक्रवारी सूप घेऊन यायची, तुमच्या उशा सारखी करायची. मी तुमच्यासाठी कधी सूप केलं नाही. तेवढं तिच्या पारड्यात टाकते, आणि तेवढंच.

मग तुम्ही डोळे मिटून बोललात. मामाने तुम्हाला आणि आईला अमेरिकेत बोलावून घेतलं, वडील आणि थोरली बहीण मागून यायची होती, ती आलीच नाहीत, हे मला माहीत होतं. पुढचं तुम्ही कधी उच्चारलं नव्हतंत. "सगळ्यांना एकाच खड्ड्यात लोटलं. धान्याचा व्यापारी, डॉक्टर, वखारवाला, माझा बाप, माझी बहीण. तिथे कुणी कुणाची भिंत विचारली नाही. झाले ना सारखे?"

मी ग्लास उचलले, विसळले आणि घरी आले. उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं, ऑफिसला जाताना, हायवेवर. ते सारखेपण मारणाऱ्यांनी दिलेलं होतं, हर्शकाका. तुमच्या गावाने दिलं नव्हतं. खुन्यांनी केलेल्या त्या एका गोष्टीचं श्रेय या नातवंडांनी आपल्या आजोबांच्या नावावर का जमा करायचं? आणि दुसरं असं, की तुम्ही सांगायचात ते गाव, गळूवाल्या मानांचं, न बोलणाऱ्या शिंप्या-चांभारांचं, तेच मला जिवंत वाटायचं. त्या गावातली माणसं मेली याचं मला वाईट वाटतं. कालच्या पडद्यावरचं, सगळे हसणारं गाव कधी जन्मलंच नव्हतं, त्याच्यासाठी काय रडायचं? हे सगळं तुमच्यासमोर बोलायचं म्हणून मी संध्याकाळी आले. तुम्ही तेव्हा बोलण्यासारखे राहिला नव्हतात.

पुरताना फावडं उलटं धरून माती लोटायची, घाई दिसू नये म्हणून, हे तुम्हीच मला सांगून ठेवलं होतंत. तुमच्या दफनाला प्लेनोच्या त्या गृहस्थांनी ते सरळ धरलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, बहुधा तेव्हाही नकळत तुमचाच चेहरा करून, तर त्यांनी पटकन उलटं केलं. मग माझ्या हातात फावडं आलं आणि मला ते पेलेना. मैत्रीने दांडा धरला. त्या उन्हात आम्ही दोघी मिळून तुमच्यावर माती लोटली, आणि मी रडले, मोठ्याने रडले. तुम्हाला आवडलं नसतं.

काल भाषणं संपल्यावर शेरिलने प्रतिकृतीवरचं कापड काढलं. टेबलावर ती मी सकाळीच मांडून ठेवली होती, दार लोकांकडे करून. त्यामुळे बघणारा आधी दारात येतो, आणि पूर्वेच्या भिंतीवरची आपल्या आजोबांची पट्टी वाचायला त्याला मान वाकडी करावी लागते. बरेच जण मान वाकडी करत होते. मजा वाटली बघून.

शेरिलला मात्र पूर्वेला मधली जागा रिकामी दिसली. तिने शोधलं, आणि भट्टीमागे, दाराशी, तिला ती पट्टी सापडली. लाइब. खाली मी 'पाणी भरणारा' असं लिहिलं आहे. ती पट्टी एका छोट्या बाकावर आहे.

"प्रज्ञा, इथे बाक होतं? हॅरॉल्ड तर सांगायचा की ते उभे असायचे."

"होतं," मी म्हटलं. "शेवटी शेवटी आठवलं त्यांना."

तिने मान हलवली, डोळे पुसले आणि दुसऱ्यांना दाखवायला गेली. बघा, इथे बाक होतं.

धडधडीत खोटं बोलले, हर्शकाका. वर्षभर खऱ्यासाठी तुमच्याशी भांडत होते तीच मी. तुमच्या वडिलांची जागा दारातच आहे, ती मी कुणाला हलवू देणार नाही. पूर्वेच्यांनी त्यांना तिथे ठेवलं होतं हे त्यांच्या नातवंडांना वाकून वाचू दे. पण बाक तिथे कधीच नव्हतं, हे आता मला एकटीलाच माहीत आहे. एवढ्या आजोबांसाठी भिंत ताणून दिली, त्यात एक बाक खपून जाईल. तुम्ही काठी आपटत असाल तर आपटा खुशाल.

पाय दुखायचे म्हणालात ना त्यांचे? शिवाय कोटाआड एक मुलगा उभा असायचा. बाक मी दोघांना पुरेल एवढं केलंय.